इंग्रजी सर्वनामं : प्रकार तोंडपाठ, पण वहीत 'राम लव्हज हर सिस्टर'

शेतपांदण
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी सहावी ते आठवीच्या पोरांची इंग्रजी घेतो. समाजमंदिरात बसतो, लाइट राहिली तर साडेआठपर्यंत चालते. सध्या सर्वनामं सुरू आहेत. प्रकार विचारा, पोरं दम न घेता सांगतात : पर्सनल, पझेसिव्ह, रिफ्लेक्झिव्ह, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, रिलेटिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इनडेफिनिट. व्याख्याही पाठ. आणि पाच ओळी लिहायला दिल्या की वहीत हे सापडतं :

'राम लव्हज हर सिस्टर.'
'माय फादर इज अ फार्मर. दे गो टू द फील्ड.'
'व्हेअर इज माय नोटबुक? शी इज इन द बॅग.'
'हू बॉय केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर.'

वेगवेगळ्या पोरांच्या वह्या, पण चुका त्याच. म्हणून मला हा निष्काळजीपणा वाटत नाही. उलट ही पोरं फार नियमानं वागतात, फक्त ते नियम मराठीचे आहेत. माझं मत असं की प्रकारांची नावं मागाहून शिकवली तरी चालतील. आधी पोराला दिसायला हवं की आपली भाषा इथं काय करते आणि इंग्रजी काय करते. शाळेत तसं होत नाही, कारण धड्यात पहिल्याच ओळीत व्याख्या असते.

तुम्ही कसे शिकलात, कसे शिकवता? जे लोक अजून गावात शिकवतात त्यांनी जरूर लिहावं.

आर्वीकर
'हर सिस्टर'चं मूळ सांगतो. मराठीत 'त्याचा, त्याची, त्याचे' यातला शेवटचा तुकडा पुढच्या नामाकडे बघतो. त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर. मालक एकच, पण शेपूट बदललं. पोरगा 'बहीण' शब्द बघतो, त्याला 'ची' ऐकू येते, 'ची' म्हणजे बाई, म्हणून 'हर'. अगदी सरळ हिशोब आहे.

इंग्रजीला पुढच्या नामाशी देणंघेणं नाही. मालक कोण एवढंच बघायचं. मालक राम, मग बहीण असो, म्हैस असो की मोटारसायकल, 'हिज'च. मालक सीता, मग भाऊ असला तरी 'हर ब्रदर'. मी पोरांना एकच प्रश्न विचारायला लावतो : कोणाची? उत्तर 'रामाची' आलं की 'हिज'. 'बहीण' हा शब्द हातानं झाकून ठेवायचा आणि मग उत्तर द्यायचं. पोरं खरंच हात ठेवतात पानावर.

याच्याच शेजारी आणखी एक गोष्ट आहे. 'रामानं आपली सायकल विकली' आणि 'रामानं त्याची सायकल विकली' यात आपल्याला फरक कळतो. पहिल्यात सायकल रामाची, दुसऱ्यात बहुतेक दुसऱ्या कोणाची तरी. इंग्रजीत दोन्हीकडे 'राम सोल्ड हिज सायकल'. हुशार पोरगं इथं अडतं आणि विचारतं, 'सर, कोणाची?' त्या पोराला गप्प करू नका. इंग्रजीत तिथं खरोखर संदिग्धता आहे, म्हणूनच ते लोक गरज पडली तर 'हिज ओन सायकल' म्हणतात.

निवृत्त_गुर्जी
शेतपांदण, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण 'नावं मागाहून' हे मला पटत नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. एवढी वर्षं हातात असूनही आठवीच्या मुलाला 'आय, मी, माय, माइन, मायसेल्फ' ही ओळ सलग म्हणता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही ती पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचो. ही, हिम, हिज, हिज, हिमसेल्फ. शी, हर, हर, हर्स, हरसेल्फ. एकदा जिभेवर बसली की 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ज' हे शब्द मुलाच्या तोंडातून निघत नाहीत.

पाठांतराला हल्ली सगळे नावं ठेवतात. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, ज्याला ते दिवसभरात कुठे ऐकू येत नाही, त्याच्या कानावर ते पडणार कसं? शहरातल्या मुलाला कानानं मिळतं ते आमच्या मुलाला तोंडानं म्हणून मिळवावं लागतं.

कापूसकोंड्या
गुर्जी, खरा घोळ तं पयल्याच दिवशी होते. मास्तर पोट्ट्याकडे बोट दाखवते अन् म्हन्ते 'ही'. आता आपल्यात 'ही' म्हन्जे बाईमानूस. मंग पोट्टीकडे बोट दाखवून म्हन्ते 'शी'. आमच्या वर्गात थे पोट्टी रडाले लागली, म्हने माह्या आंगाचा वास येते का? अन् 'मी' म्हन्जे मी नाई, 'मी' म्हन्जे 'मले'. मी म्हन्जे तं 'आय', अन् आई घरी हाय. लेकरानं कराव तं काय?

वायगावची_हळद
कापूसकोंड्या, हसून पुरेवाट झाली, पण माझ्या मुलाचं अगदी हेच झालं होतं. 'मी गो टू स्कूल' असं तो बरेच दिवस म्हणत होता, आणि आपल्या कानाला ते बरोबरच वाटतं ना!

मला 'माय फादर, दे गो' वर लिहायचं आहे. आमच्या घरी मुलं वडिलांबद्दल 'ते' म्हणतात आणि माझ्याबद्दल 'तू' आणि 'ती'. त्यामुळे मुलानं लिहिलं, 'माय फादर, दे' आणि 'माय मदर, शी'. आईचं बरोबर आलं, बाबांचं चुकलं. त्याला 'फादर इज, ही गोज' लिहायला सांगितलं तर म्हणाला, 'बाबांना अरेतुरे कसं करू?' दहा वर्षांचं लेकरू, त्याला खरंच संकोच वाटत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की इंग्रजीत मान 'ही' आणि 'दे'मध्ये ठेवलेला नसतो, तो 'सर', 'मॅडम', 'प्लीज' यांत असतो. पंतप्रधान असोत की राष्ट्रपती, एक माणूस म्हणजे 'ही' किंवा 'शी'. त्यानंतर त्यानं लिहिलं, पण आधी बाबांना विचारून.

आणि आणखी एक. माझ्या सासूबाई मुलीलाही 'थे' म्हणतात. 'थे पोट्टी कुठी गेली', 'थे आली का?' आमच्याकडे 'ती'च्या जागी 'थे' सर्रास आहे. म्हणजे लेकराच्या कानात 'ते वडील', 'थे पोट्टी', 'ते झाड', 'ते लोक' सगळं जवळपास एकच. मग 'ही, शी, इट, दे' असे चार कप्पे त्यानं करायचे कशाच्या जोरावर? शाळेत मात्र 'थे' म्हटलं की पोरं हसतात. मला त्याचा राग येतो. त्या 'थे'मध्ये काही अशुद्ध नाही, ती आमच्या घरची भाषा आहे. शिक्षकानं ती ओळखली तर चूक कुठून आली ते त्याला लगेच कळेल.

निवृत्त_गुर्जी
वायगाव, तुमच्या मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. त्याला हेही सांगा की इंग्रजीतही एके काळी 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे होते. एकट्याला 'दाऊ', अनेकांना 'यी' आणि 'यू'. पुढे मोठ्या माणसाला एकटा असला तरी 'यू' म्हणायची रीत पडली, अगदी आपण 'तुम्ही' म्हणतो तशी. ती इतकी पसरली की सतराव्या शतकात 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून बहुतेक गेलं. म्हणजे इंग्रजानं 'तू' ठेवून 'तुम्ही' टाकलं नाही, 'तुम्ही' ठेवून 'तू' टाकलं. आज तो कुत्र्यालाही आदरार्थी बोलतो. 'यू आर' मध्ये एकट्या माणसासाठीही 'आर' का येतं, याचं उत्तरही तिथंच आहे : ते मुळात अनेकवचन.

आणि 'दे, देम, देअर' हे तर इंग्रजीचे मूळचे नाहीतच. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून ते आले.

कापूसकोंड्या
म्हन्जे इंग्रज कुत्र्याले बी 'अहो, इकडे या' म्हन्ते! वा गुर्जी.

धानपट्टा
गोंदियाकडून लिहितोय. धाग्यातली चौथी चूक, 'हू बॉय केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर', माझ्या आवडीची आहे.

आपण म्हणतो, 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ.' जो आणि तो जोडीनं येतात. जे पेराल ते उगवेल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मराठी माणसाचं निम्मं शहाणपण या जोडीवर उभं आहे. इंग्रजीत जोडी नाही. तिथं आधी माणूस सांगायचा, 'द बॉय'. मग 'हू' लावून ओळख द्यायची, 'हू केम येस्टरडे'. आणि पुढे थेट क्रियापद, 'इज माय ब्रदर'. 'तो' साठी जागाच नाही. आपली पोरं 'द बॉय हू केम येस्टरडे' इथपर्यंत शिकली तरी पुढे 'ही इज' घालतातच, कारण 'तो' म्हटल्याशिवाय त्यांना वाक्य अर्धवट वाटतं.

मी त्यांना मराठी वाक्यच आधी फिरवायला सांगतो : 'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे.' यात जो-तो गेले. आता याचं इंग्रजी करा. 'काल आलेला' हा जो तुकडा आहे तो 'मुलगा' या शब्दानंतर न्या आणि 'हू' लावा. बांधीत रोवणी करता करताही हे सांगता येतं : 'रोवणी करणारी बाई', द वुमन हू इज ट्रान्सप्लांटिंग. 'काल आणलेलं खत', द फर्टिलायझर दॅट वी ब्रॉट येस्टरडे. माणूस असेल तर 'हू', वस्तू असेल तर 'विच' किंवा 'दॅट'. एवढं आठवीपर्यंत पुरतं.

अभ्यासिका_यवतमाळ
सरळसेवेची तयारी करतोय, तलाठी भरतीत इंग्रजी असतं म्हणून इथं आलो. कोणी २३१ चा नियम नाही सांगितला? चांगल्या कामात क्रम दुसरा, तिसरा, पहिला पुरुष : 'यू, ही अँड आय'. चूक कबूल करायची असेल तर १२३ : 'आय, यू अँड ही आर रिस्पॉन्सिबल'. आमच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी लिहून दिला. आणि 'इट इज आय हू अ‍ॅम', इथं 'इज' टिक केलं की मार्क गेला, कारण 'हू'च्या मागे 'आय' आहे.

पुण्यात_वऱ्हाडी
मूळ गाव मंगरूळपीरजवळ, आता पुण्यात कंपनीत. अभ्यासिका, परीक्षेत विचारलं तर २३१ प्रमाणेच लिही. पण हे मनात ठेव की इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये असा आकडेबद्ध नियम नाही. 'आय' शेवटी ठेवणं हे सौजन्य समजतात, इतकंच. कामाच्या मेलमध्ये १२३ चा विचार करत बसू नकोस.

नोकरीला लागणाऱ्या गावाकडच्या पोरांना मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, 'मायसेल्फ गणेश, फ्रॉम वाशीम डिस्ट्रिक्ट'. मुलाखतीला आलेली आपली बहुतेक मुलं अशी सुरुवात करतात. अर्थ कळतो, मुलगा हुशारही असतो. पण 'मायसेल्फ' एकटं उभं राहत नाही. त्याला आधी 'आय' लागतं. 'आय कट मायसेल्फ', मी स्वतःला कापून घेतलं. 'आय मायसेल्फ रिपेअर्ड द पंप', मी स्वतः पंप दुरुस्त केला. पहिल्यात क्रिया उलटून आपल्यावरच आली, दुसऱ्यात नुसता जोर दिला. ओळख करून देताना यातलं काहीच नसतं, म्हणून 'आय अ‍ॅम गणेश' किंवा 'माय नेम इज गणेश'. झालं. कोणी असं म्हटलं तर त्याला हसू नका, बाजूला घेऊन सांगा. माझ्या एका वरिष्ठानं असंच बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्याचे उपकार आहेत.

दुसरी, 'आय' म्हणजे सभ्य आणि 'मी' म्हणजे गावठी, असा समज. त्यातून 'बिटवीन यू अँड आय', 'ही कॉल्ड रवी अँड आय' असं बोललं जातं. सोपी परीक्षा आहे : दुसऱ्या माणसाला वाक्यातून काढा. 'ही कॉल्ड आय' म्हणाल का? नाही, 'ही कॉल्ड मी'. मग 'रवी अँड मी'. 'मी वेंट' म्हणाल का? नाही, मग 'रवी अँड आय वेंट'. मराठीत आपण 'मी' आणि 'मला' कधी गोंधळत नाही. 'रवीला आणि मला बोलावलं.' दुसऱ्यानं काही केलं अशा वाक्यात 'मला' असेल तिथं इंग्रजी 'मी' ठेवा ('मला भूक लागली', 'मला माहीत आहे' इथं मात्र 'आय'), नव्वद टक्के जागी काम भागतं.

कापूसकोंड्या
बाकीच्या दहा टक्क्यात आपून 'मले' म्हनू.

मेळघाटची_शाळा
धारणी तालुक्यात शिकवते. इथली मुलं घरी कोरकू बोलतात, मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा, हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. तुम्ही सगळे 'मराठीचे नियम' म्हणताय, आमच्या मुलांचा तर मराठीतच पहिला अडथळा असतो.

पण एका गोष्टीत ही मुलं आपल्यापेक्षा पुढे आहेत. कोरकूत एक, दोन आणि दोनाहून जास्त, असे तीन कप्पे आहेत. 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही सगळे' यांना वेगळी सर्वनामं. शिवाय समोरचा माणूस धरून 'आपण' आणि समोरच्याला वगळून 'आम्ही', हाही भेद आहे. मराठीत तो आहे, कोरकूतही आहे. इंग्रजीत नाही. 'वी आर गोइंग टू द मार्केट' म्हटलं तर समोरच्यानं चप्पल घालायची की घरीच बसायचं, हे त्या वाक्यातून कळत नाही.

एकदा वर्गात मी फळ्यावर 'वी' लिहिलं आणि विचारलं, यात कोण कोण आलं? एका मुलीनं उठून सगळ्यांना मोजलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, 'बाई, तुम्ही आत की बाहेर?' मी म्हटलं, इंग्रजी सांगत नाही, आपणच वाक्यात घालायचं. मग मुलांनी स्वतःच वाक्यं केली : 'वी टू', 'वी ऑल', 'यू अँड आय', 'वी, बट नॉट यू'. त्या तासाला मी व्याख्या सांगितली नाही. 'पर्सनल प्रोनाउन' हे नाव दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्यांना ते फक्त नाव वाटलं, ओझं वाटलं नाही. त्यामुळे माझं मत शेतपांदण यांच्या बाजूनं.

एटापल्लीहून
मेळघाट ताई, वाचून बरं वाटलं. आमच्याकडे माडिया, गोंडी बोलणारी मुलं. तिथं एकवचनात पुरुषासाठी एक सर्वनाम आणि बाई, जनावर, वस्तू यांच्यासाठी मिळून दुसरं. त्यामुळे मुलगा बहिणीबद्दल 'इट' लिहितो. पाहुण्या अधिकाऱ्याला वाटलं मुलगा बहिणीला कमी लेखतो. तसं मुळीच नाही, तिच्याच पाठीवर बसून तो शाळेत येतो. मी आधी फक्त माणसं घेतो, त्यात 'ही' आणि 'शी' पक्कं करतो, वस्तू आणि 'इट' नंतर. तिन्ही एकाच दिवशी दिली की सगळं मिसळतं.

शेतपांदण
एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आर्वीकरांची हात ठेवण्याची युक्ती आजच वापरली. सहावीतल्या एकीनं शेजारच्याच्या वहीवर हात ठेवून त्याला विचारलं, 'बोल, कोणाची?'

आता मला 'माय' आणि 'माइन' हवं आहे. 'धिस इज माय' म्हणून पोरं थांबतात. वर्गात प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

संत्राबाग_वरुड
हे सांगतो, कारण दरवर्षी करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे.

सतरंजीच्या मधोमध सगळ्यांनी आपापली एक वस्तू ठेवायची. खोडरबर, कंगवा, डब्याचं झाकण, केसाची क्लिप, एकानं खिशातून बैलाच्या गळ्यातला घुंगरू काढला होता. मी एक वस्तू उचलतो : 'हूज इज धिस?' ज्याची असेल तो म्हणतो, 'इट इज माइन'. मग दुसऱ्या पोराला विचारतो, हात त्या मुलीकडे करून : 'इज इट युअर्स?' 'नो, इट इज हर्स.' वस्तूचं नाव कोणीच घ्यायचं नाही, हा नियम. नाव घेतलं की 'माय' लागतं : 'माय कोम'. नाव नाही घेतलं की 'माइन'. 'माय'ला पुढे नाम पाहिजेच, 'माइन' नामाची जागा स्वतःच भरतं. पंधरा मिनिटांत हा फरक कानात बसतो, कारण 'धिस इज माय' म्हटलं की बाकीचे ओरडतात, 'माय काय?'

व्याकरणाच्या पुस्तकात 'माय, युअर, हर, देअर' यांना पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह आणि 'माइन, युअर्स, हर्स, देअर्स' यांना पझेसिव्ह प्रोनाउन म्हणतात. 'हिज' मात्र दोन्हीकडे तेच. ही माहिती खेळानंतर सांगतो.

धिस, दॅट, दीज, दोज साठी वर्ग सोडून बाहेर जातो. आमच्याकडे आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांत कुठं ना कुठं संत्र्याचे ढीग लागलेले असतात. पायाजवळच्या ढिगाला 'दीज', धुऱ्यावरच्या ढिगाला 'दोज'. एक फळ हातात, 'धिस'. एक झाडावर, 'दॅट'. मराठीत 'हा' आणि 'तो' आहेच, फक्त आपल्याकडे 'तो' म्हणजे 'ही' सुद्धा आणि 'दॅट' सुद्धा. 'तो बघ, तो बैल' यातला पहिला 'तो' कोण, दुसरा कोण, हे इंग्रजीत वेगळं सांगावं लागतं. वर्गात फळ्यावर चार चौकटी काढून हे सांगता येतं, पण जवळ-दूर हे चालत गेल्यावर जास्त कळतं.

आर्वीकर
वरुडकर, छान. 'हर्स', 'युअर्स', 'देअर्स' मध्ये वर टिंब (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) द्यायची सवय मुलांना लागते, ती तेव्हाच मोडा. मालकी दाखवणाऱ्या या सर्वनामांना तो स्वल्पविरामासारखा वरचा टिंब कधीच नसतो. 'इट्स' चं तर खास बघा : टिंब असेल तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज'. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल' यात टिंब नाही. शंका आली की 'इट इज' घालून वाचायचं.

वायगावची_हळद
'इट'वरून आठवलं. मुलाला पोळ्यावर निबंध होता. आमच्या बैलाबद्दल त्यानं 'ही' लिहिलं, बाईंनी लाल शाईनं 'इट' केलं. घरी येऊन फार चिडला. म्हणाला, शिंगं मी रंगवली, झूल मी घातली, त्याला 'इट' कसं म्हणू?

धानपट्टा
मुलाचं बरोबर आहे. नर की मादी माहीत असेल आणि जनावर आपलं असेल तर 'ही', 'शी' बिनधास्त लिहावं, इंग्रजी लोक आपल्या कुत्र्या-घोड्यांबद्दल तसंच लिहितात. 'इट' चूक नाही, ते परक्या जनावरासाठी. बाईंना हा भाग नम्रपणे दाखवा. आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल असेल तर 'इट'.

निवृत्त_गुर्जी
सगळं वाचलं. मेळघाट ताईंचा तास मला फार आवडला. माझं पाठांतराबद्दलचं म्हणणं कायम आहे, पण क्रम असा लावून बघा. मराठीतली मूळ सर्वनामं नऊ : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. ती मुलाला येतातच. यांतली लिंगानुसार बदलणारी फक्त तीन : तो, हा, जो. आता प्रत्येकासमोर इंग्रजी शब्द मुलाकडूनच काढून घ्यायचा. 'तो' समोर 'ही, शी, इट' आणि शिवाय 'दॅट' येईल, 'हा' समोर 'धिस' एकटंच, 'जो' समोर 'हू, विच, दॅट'. 'आपण' समोर मूल अडेल, तिथं वीस मिनिटं थांबायचं. 'स्वतः' समोर तर अख्खी 'सेल्फ'वाली रांग उभी राहील. हे झालं की ओळी म्हणून घ्या, रोज, प्रार्थनेनंतर. समजून म्हटलेलं पाठांतर टिकतं.

शेतपांदण
गुर्जी, हे उद्यापासून करतो. नऊ शब्दांचा तक्ता मुलांकडूनच काढून घेईन.

पुण्यात_वऱ्हाडी
एक राहिलं. 'एव्हरीवन शुड ब्रिंग हिज बुक' की 'देअर बुक'? जुन्या पुस्तकांत 'हिज'. पण 'एव्हरीवन', 'समबडी' यांच्यासोबत 'देअर' वापरायची पद्धत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, आणि आज तेच सहज मानतात. शिवाय ज्याला स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' नको असतं अशा एका व्यक्तीसाठीही 'दे' वापरतात. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशानं २०१९ सालचा शब्द म्हणून 'दे' निवडला तो त्याच कारणानं. आमच्या ऑफिसात परदेशी सहकाऱ्यांच्या मेलखाली नावासोबत सर्वनाम लिहिलेलं असतं. गावाकडची पोरं कामाला लागली की ते बघतील, तेव्हा ज्यानं जे लिहिलं तेच वापरावं. 'दे' एका माणसासाठी असलं तरी क्रियापद 'आर'च.

वायगावची_हळद
म्हणजे माझ्या मुलाचं 'माय फादर, दे' अगदीच जगावेगळं नव्हतं!

पुण्यात_वऱ्हाडी
वायगाव, 'एकासाठी दे' एवढंच सारखं. तिथं कारण मान नाही. बाबांसाठी 'ही'च ठेवा.

अभ्यासिका_यवतमाळ
मग परीक्षेत काय टिक करू? 'हिज' की 'देअर'?

आर्वीकर
पर्यायात दोन्ही क्वचितच असतात. असले तर तुझ्या परीक्षेच्या मागच्या उत्तरतालिका बघ आणि त्याप्रमाणे कर. लिहिताना, बोलताना 'देअर'.

मेळघाटची_शाळा
धानपट्टा, 'इट इज रेनिंग' मुलांना कसं सांगता? माझी मुलं विचारतात, 'बाई, इट म्हणजे कोण पडतंय?'

धानपट्टा
कोणीच नाही. आपण 'जाईन' म्हटलं तरी 'मी' कळतं, क्रियापदच सांगतं. इंग्रजीचं क्रियापद तेवढं सांगत नाही, म्हणून कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली त्या भाषेला चालत नाही. ठेवायला कोणी नसेल तर 'इट' बसवतात. पाऊस, थंडी, वेळ, अंतर या चारांत तो 'इट' येतो : इट इज कोल्ड, इट इज फाइव्ह ओ'क्लॉक, इट इज टू किलोमीटर्स टू द रिव्हर. मी मुलांना या चारांचीच वाक्यं करायला देतो, 'कोण' विचारायचं नाही असं सांगून.

अभ्यासिका_यवतमाळ
शेवटचं विचारतो. दोघांत 'ईच अदर' आणि जास्त असतील तर 'वन अनदर', हे पक्कं ना?

पुण्यात_वऱ्हाडी
परीक्षेपुरतं पक्कं. एरवी इंग्रजीत दोन्ही अदलाबदल करून वापरतात, चांगले लेखकही.

संत्राबाग_वरुड
शेतपांदण, सतरंजीचा खेळ घेणार असाल तर वस्तू परत देण्यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. परत देतानाही 'इज धिस युअर्स?' विचारूनच द्यायची. सहावीसाठी एकावेळी बारा-पंधरा पोरं बसवा, जास्त झाली की मागच्यांची पाळीच येत नाही.